दूध नासतं, मग दुधाचा साबण का नासत नाही?

मे महिन्यात सकाळी काढलेलं शेळीचं दूध तापवायचं राहून गेलं, तर दुपारपर्यंत ते पातेल्यात फाटलेलं सापडतं. तेच दूध घालून केलेली साबणाची वडी मात्र न्हाणीतल्या साबणदाणीत महिनोन्महिने पडून असते. रोज ओली होते, वाळते, पुन्हा ओली होते. तिला बुरशी येत नाही की आंबूस वास सुटत नाही. दूध तेच, ओल तीच, उन्हाळाही तोच. मग वडीत गेलेल्या दुधाचं होतं तरी काय?

हा प्रश्न धाराशिव जिल्ह्यात पडणं साहजिक आहे. तुळजापूर तालुक्यातलं अणदूर हे सोलापूर-हैदराबाद महामार्गावरचं गाव, खंडोबाचं ठाणं. इथला देव वर्षातला बराच काळ अणदूरला असतो आणि उरलेला नळदुर्गाजवळच्या मैलारपुरात. बाणाईसाठी याच देवाने शेळ्यामेंढ्या राखल्या, असं लोककथा सांगतात. आजही या पट्ट्यात दोन-चार शेळ्या नाहीत असं कोरडवाहू शेतकऱ्याचं घर शोधावं लागेल. त्यामुळे ‘शेळीच्या दुधाचा साबण’ हा जोडधंदा इथे कुणी सुचवला की तो पटकन पटतो. पटकन पटणाऱ्या गोष्टीची थोडी उलटतपासणी केलेली बरी.

काळी शेळी आणि तिचं दूध

जिल्ह्याचं नाव 2023 मध्ये धाराशिव झालं, पण शेळीची जात ‘उस्मानाबादी’च राहिली. बहुतेक शेळ्या काळ्याभोर, उंच, उन्हातान्हाला आणि चाऱ्याच्या टंचाईला सरावलेल्या. ही जात मुख्यतः मटणासाठी पाळली जाते आणि जुळी करडं देण्यासाठी तिचं नाव आहे. दूध बेताचंच, दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर, तेही वेताचे चारेक महिने. त्यावर पहिला हक्क करडांचा. उरलेल्या दुधाचा घरी चहा होतो, लहान मुलांना पाजलं जातं. गाई-म्हशीच्या दुधासारखी शेळीच्या दुधाची रोजची विक्री गावोगाव होत नाही. म्हणूनच साबणाचा विचार पुढे येतो, कारण साबणाला दूध थोडं लागतं आणि माल टिकतो.

या दुधात सुमारे 87 टक्के पाणी असतं. बाकी साधारण 4 टक्के स्निग्धांश, तीन-साडेतीन टक्के प्रथिनं, साडेचार टक्क्यांच्या आसपास दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज आणि थोडे क्षार. गाईच्या दुधाहून ठळक फरक दोन. एक म्हणजे स्निग्धांशाचे कण बारीक असतात आणि लवकर एकमेकांना चिकटत नाहीत, म्हणून साय सावकाश धरते. दुसरा म्हणजे या स्निग्धांशात लहान साखळीच्या काही आम्लांचं प्रमाण गाईच्या दुधापेक्षा बरंच जास्त असतं. शेळीच्या दुधाला जो उग्र वास येतो तो या आम्लांचा. दूध नीट ठेवलं नाही की ही आम्लं स्निग्धांशातून सुटी होतात आणि वास वाढतो. बोकड शेजारी बांधला असेल तर विचारूच नका.

ही आम्लं लक्षात ठेवा. साबणात ती मोठी गंमत करतात.

एका खुंटीला तीन शेळ्या

तेल किंवा तूप म्हणजे रसायनशास्त्राच्या नजरेतून काय, तर एका खुंटीला बांधलेल्या तीन शेळ्या. खुंटी म्हणजे ग्लिसरीन आणि शेळ्या म्हणजे मेदाम्लं. खोबरेल, करडईचं तेल, एरंडेल, दुधातलं लोणी, सगळीकडे मांडणी हीच. शेळ्या तेवढ्या बदलतात, म्हणून खोबरेल थंडीत गोठतं आणि करडईचं तेल पातळच राहतं. ही मांडणी उलगडून दाखवली फ्रेंच शास्त्रज्ञ मिशेल शेव्रल यांनी, एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या पाव भागात. साबण त्याच्या आधी हजारो वर्षं बनतच होता.

साबण करताना तेलात कॉस्टिक सोड्याचं पाणी घालतात. कॉस्टिक सोडा म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड. खाण्याचा सोडा किंवा धुण्याचा सोडा नव्हे. हा सोडा प्रत्येक शेळीचं दावं खुंटीवरून सोडतो आणि शेळीला एकेका सोडियमच्या हवाली करतो. सोडियमच्या ताब्यात गेलेलं मेदाम्ल म्हणजे साबण. रिकामी झालेली खुंटी म्हणजे सुटं ग्लिसरीन. सोडा पूर्ण वापरला गेला की वडीत सोडा म्हणून काही उरत नाही. ‘कॉस्टिकचा साबण अंगाला कसा लावायचा’ ही शंका रास्त आहे, पण कॉस्टिकशिवाय साबणाची वडी बनतच नाही. ‘कॉस्टिकविरहित नैसर्गिक साबण’ अशी जाहिरात दिसली, तर एक तर सोडा आधीच दुसऱ्या कुणीतरी वापरून ठेवला आहे किंवा ती वडी साबण नाही.

साबणाच्या कणाचं एक टोक तेलात रमतं आणि दुसरं पाण्यात. तेलात रमणारं टोक अंगावरच्या तेलकट मळात रुततं, दुसरं टोक पाण्याबरोबर ओढलं जातं आणि मळ निघतो. इतकंच साबणाचं काम. पण मळाचं तेल आणि कातडीचं स्वतःचं तेल यांत त्याला फरक करता येत नाही. म्हणून काही साबणांनी अंग कोरडं पडतं, खाजतं.

हाताने साबण करणारे यावर एक साधा उपाय करतात. हिशेबाने लागतो त्यापेक्षा सोडा मुद्दाम पाच टक्के कमी घालतात. थोड्या शेळ्या खुंटीलाच राहतात, म्हणजे थोडं तेल तेल म्हणूनच उरतं. शिवाय रिकामी खुंटी, म्हणजे ग्लिसरीनही वडीतच राहतं. मोठ्या कारखान्यांत बहुधा ग्लिसरीन वेगळं काढून घेतात, कारण औषधं आणि प्रसाधनांच्या धंद्यात त्याला स्वतंत्र भाव आहे. ग्लिसरीन ओल धरून ठेवतं. हातच्या साबणाने अंग मऊ वाटतं त्यामागे मुख्य कारणं ही दोन. यात अजून दुधाचा थेंबही आलेला नाही.

दूध ओततात तेव्हा

आता प्रत्यक्ष घाण्याचा हिशेब करू. खोबरेल 300 ग्रॅम, करडईचं किंवा शेंगदाण्याचं तेल 600 ग्रॅम, एरंडेल 100 ग्रॅम असं किलोभर तेल घेतलं. प्रत्येक तेलाला किती सोडा लागतो हे ठरलेलं आहे: ग्रॅमभर खोबरेलाला सुमारे 0.183 ग्रॅम, करडई-शेंगदाण्याला 0.136, एरंडेलाला 0.128. बेरीज होते 149 ग्रॅमच्या आसपास. त्यातून पाच टक्के वजा केले की राहतो सुमारे 142 ग्रॅम. हा सोडा विरघळवायला पाण्याऐवजी 300 ग्रॅम शेळीचं दूध. इथे डोळ्यांचा अंदाज, मूठ, वाटी काही चालत नाही. ग्रॅम दाखवणारा वजनकाटा हवाच.

सोडा पाण्यात पडला की उष्णता सुटते. एवढ्या प्रमाणात मिश्रण बघता बघता 80 अंशांच्या वर जातं. पाण्याचं त्याने काही बिघडत नाही, निवेपर्यंत थांबलं की झालं. दुधाचं मात्र सगळंच बिघडतं. उष्णता आणि अल्कली एकत्र आली की लॅक्टोज करपू लागतं. दूध आधी पिवळं, मग नारिंगी, मग विटकरी होतं. प्रथिनं तुटतात आणि नाकात झोंबणारा अमोनियाचा वास सुटतो. नवख्याचं पहिलं दूध बहुधा असंच जातं.

म्हणून दूध आधी बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवतात. दुधाच्या वड्या स्टीलच्या पातेल्यात घ्यायच्या, पातेलं बर्फाच्या पाण्यात ठेवायचं आणि सोडा चिमूट चिमूट भुरभुरत राहायचं. सोड्याची गरमी बर्फ वितळवण्यात खर्च होते आणि मिश्रण कोमट होण्याच्याही आत आवरतं. ढवळताना कधी कधी दूध दाटसर होऊन बारीक गुठळ्या दिसतात. घाबरायचं कारण नाही, दुधातल्याच स्निग्धांशाचा साबण व्हायला लागलेला असतो. गाळून घेतलं की पुढे जाता येतं. फ्रीज नाही, किंवा वीज कधी जाईल याचा नेम नाही, अशा ठिकाणी दुसरी युक्ती बरी. सोडा त्याच्याच वजनाच्या पाण्यात विरघळवून पूर्ण निवू द्यायचा आणि उरलेल्या वजनाइतकं दूध थेट तेलात मिसळायचं. साबण तितकाच चांगला होतो, रंग तर उलट जास्त पांढरा येतो.

भांड्याबद्दल एक गोष्ट जोर देऊन सांगायला हवी. आपल्या घरातलं जर्मनचं, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं या कामाला कधीही घेऊ नये. कॉस्टिक सोडा अ‍ॅल्युमिनियम खातो आणि पेट घेणारा हायड्रोजन वायू सुटतो. स्टील किंवा जाड प्लॅस्टिक चालतं. सोडा नेहमी दुधात किंवा पाण्यात घालायचा, सोड्यावर पाणी ओतायचं नाही. डोळ्यांवर चष्मा, हातात रबरी मोजे, खिडकी उघडी, आणि लेकरं व करडं दोन्ही लांब. अंगावर थेंब उडाला तर भरपूर वाहत्या पाण्याखाली धरायचं. त्यावर लिंबू चोळायला जाऊ नये.

मग हे दूध-सोड्याचं मिश्रण कोमट तेलात ओतून घुसळायचं. काही वेळाने ते दाटून येतं, आणि रवी उचलली की तिच्यावरून पडणारी धार पृष्ठभागावर क्षणभर रेघ धरते. साबण करणारे याला ‘ट्रेस’ म्हणतात. ही रेघ दिसली की साच्यात ओतायचं. साध्या साबणाचा साचा गोधडीत गुंडाळून ठेवतात, म्हणजे आतली गरमी टिकून काम पुरं होतं. दुधाच्या साबणाला हे लाड सोसत नाहीत. दुधातल्या साखरेमुळे तो आधीच जास्त तापतो, मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तर मधोमध फुगून फुटतो. साचा उघडा, वाऱ्यावर किंवा फ्रीजमध्ये ठेवलेला बरा. दुसऱ्या दिवशी वड्या कापायच्या आणि जाळीवर चार ते सहा आठवडे वाळवायच्या. सोड्याचं काम पहिल्या एक-दोन दिवसांतच बहुतेक संपलेलं असतं. पुढचे आठवडे पाणी उडून वडी कडक आणि सौम्य व्हावी म्हणून.

आता ती वासाची आम्लं. साबण नवा असताना जवळ नाक नेलं तरी शेळीचा वास येत नाही. दुधात ही लहान आम्लं सुटी होऊन हवेत उडतात, तेव्हाच नाकाला कळतात. सोडियमने बांधलेली आम्लं क्षार बनतात आणि क्षार उडत नाही. वास मेलेला नसतो, बांधलेला असतो.

शंभर ग्रॅमच्या वडीत दूध किती

वरच्या घाण्याचं एकूण वजन 1,442 ग्रॅम. वाळून ते साधारण 1,270 ग्रॅमवर येतं. त्यात 300 ग्रॅम दुधातलं पाणी सोडून उरलेलं सत्त्व किती, तर 39 ग्रॅम. म्हणजे शंभर ग्रॅमच्या वडीत दुधाचं सत्त्व भरतं सुमारे 3 ग्रॅम. त्याच वडीत सुटं ग्लिसरीन आठ ग्रॅमच्या वर असतं आणि साबण न झालेलं तेल पाच ग्रॅमच्या आसपास.

जाहिरातीत नाव शेळीचं असतं, पण अंग मऊ ठेवण्याचं बरंचसं काम खोबरेल-करडई आणि सोडा कमी घालणारा हात करतो. दूध न घालता, याच रीतीने, फक्त पाण्यावर केलेला साबणही बाजारातल्या स्वस्त वडीपेक्षा सौम्य निघेल.

मग दूध घालून काहीच मिळत नाही का? मिळतं, पण जे छापलेलं असतं ते नव्हे. साखरेमुळे फेस वाढतो. दुधातला स्निग्धांश आणि प्रथिनांचे तुकडे यांच्यामुळे तो फेस मोठ्या बुडबुड्यांचा न होता दाट आणि मलईदार होतो. हा फरक हाताला खरोखर कळतो. वडीला येणारा सायीचा रंगही दुधाचाच.

दुधातल्या लॅक्टिक आम्लाने मृत त्वचा निघते, असं हमखास सांगितलं जातं. ताज्या दुधात लॅक्टिक आम्ल नावालाच असतं, आणि जे असतं त्याचं सोड्याशी गाठ पडताच सोडियम लॅक्टेट होतं. हा क्षार थोडी ओल धरतो आणि वडीला कडकपणा देतो. त्वचा सोलण्याचं आम्लाचं काम त्याच्याकडून होत नाही. जीवनसत्त्व ‘अ’ शेळीच्या दुधात असतं खरं. गाईसारखं कॅरोटीन शिल्लक न ठेवता शेळी त्याचं जीवनसत्त्व करून टाकते, म्हणून तर तिचं दूध पांढरंशुभ्र दिसतं. पण तीन ग्रॅम सत्त्वातलं जीवनसत्त्व, तेही अल्कलीतून निघालेलं, अंगावर अर्धा मिनिट राहून मोरीत जाणारं. त्यावर विसंबण्यापेक्षा ते दूध प्यालेलं बरं.

आणि साबण नासत का नाही? दूध नासवणाऱ्या जिवाणूंना लागतं मोकळं पाणी आणि जवळपास उदासीन माध्यम. वाळलेल्या वडीत मोकळं पाणी फारसं नसतं आणि तिचा पीएच 9 ते 10 असतो. या अल्कलीत जिवाणूंचा निभाव लागत नाही. दुधातली साखर बदललेली असते, स्निग्धांशाचा बराचसा साबण झालेला असतो, प्रथिनं तुटलेली असतात. दूध म्हणून नासायला तिथे दूधच उरलेलं नसतं. वडी बिघडते ती वेगळ्या कारणाने. साबण न झालेलं तेल हवेने खवट होतं आणि वर्ष उलटून गेलेल्या वडीवर नारिंगी ठिपके उमटतात.

| चौकट: शेळीच्या दुधाच्या साबणात काय, कशामुळे |
|---|
| अंगाला मऊपणा: वडीत राहिलेलं ग्लिसरीन आणि साबण न झालेलं तेल |
| दाट, मलईदार फेस: दुधातली साखर, स्निग्धांश, प्रथिनांचे तुकडे |
| सायीचा किंवा बदामी रंग: तापलेलं लॅक्टोज |
| शेळीचा वास नाही: वासाची आम्लं क्षार झाली |
| नासत नाही: अल्कली जास्त, मोकळं पाणी कमी |
| त्वचारोग बरे होणे, गोरेपणा, जीवनसत्त्वांचं पोषण: यातलं साबणाकडून काही होत नाही |

पीएचची थाप

‘शेळीच्या दुधाचा पीएच त्वचेशी जुळतो, म्हणून हा साबण त्वचेला मानवतो.’ हे वाक्य इतक्या ठिकाणी छापलेलं आहे की त्याची शहानिशा करावी असं कुणाला वाटत नाही. ताज्या दुधाचा पीएच साधारण साडेसहा असतो, निरोगी त्वचेचा पाचच्या आसपास. मुळात हे दोघेच जुळत नाहीत. आणि साबण झाल्यावर दुधाच्या पीएचला विचारतो कोण? खरा साबण हा अल्कलीच असणार, मग आत दूध असो, केशर असो की चंदन.

साबणाचा पीएच खाली आणता येत नाही का? घरी करून पाहा. पेल्यात साबणाच्या चार कापट्या गरम पाण्यात विरघळवा, निवल्यावर वर लिंबू पिळा. पाणी दुधाळ होतं, फेस बसतो आणि जरा वेळाने वर तेलकट तवंग धरतो. लिंबाच्या आम्लाने सोडियमच्या हातातून शेळ्या सोडवल्या, मेदाम्लं पुन्हा मेदाम्लं झाली, साबण मोडला. पीएच 5.5 लिहिलेल्या ज्या वड्या औषधाच्या दुकानात मिळतात त्या साबणाच्या नसतात. त्या वेगळ्या, कारखान्यात घडवलेल्या स्वच्छताद्रव्यांच्या असतात. त्वचेचा डॉक्टर इसबाच्या रुग्णाला त्या लिहून देतो याचं कारण हेच.

इसब असलेल्यांनी आणखी एका बाबतीत जपायला हवं. भेगाळलेल्या कातडीतून खाद्यपदार्थांतली प्रथिनं शरीरात शिरली, तर शरीर त्यांना शत्रू मानायला शिकू शकतं. जपानमध्ये गव्हाचं प्रथिन घातलेला चेहऱ्याचा एक साबण वापरून दोन हजारांवर लोकांना गव्हाची अ‍ॅलर्जी जडली. ते प्रकरण 2011 च्या सुमारास गाजलं. शेळीच्या दुधाचं क्रीम लावणाऱ्या रुग्णाला पुढे शेळीचं चीज खाल्ल्यावर जिवावरची प्रतिक्रिया आल्याची नोंद मेलबर्नच्या डॉक्टरांनी 2014 मध्ये केली. साबण धुऊन निघतो आणि त्यातली प्रथिनं तुटलेली असतात, त्यामुळे त्याचा धोका क्रीमपेक्षा कमी. तरी इसबावर इलाज म्हणून शेळीच्या दुधाचं काहीही रोज चोळणं मला पटत नाही.

बेस वितळवून केलेला साबण

बचत गटांच्या प्रशिक्षणात बऱ्याचदा शिकवला जातो तो वेगळा प्रकार. तयार ‘सोप बेस’च्या लाद्या आणायच्या, तुकडे करून पाण्याच्या वाफेवर वितळवायच्या, रंग-सुगंध घालून साच्यात ओतायच्या. तासाभरात वडी तयार. ‘गोट मिल्क बेस’ म्हणूनही तो मिळतो. कॉस्टिकशी गाठ पडत नाही, हा त्यातला मोठा फायदा. मात्र मग गोठ्यातल्या शेळीचा त्या वडीशी संबंध फक्त लेबलावरच्या चित्रापुरता. तो जोडावा म्हणून वितळलेल्या बेसमध्ये ताजं दूध ओतायचा मोह होतो. तिथे फसगत आहे. बेसमधला सोडा आधीच खर्ची पडलेला असतो. वरून ओतलेलं दूध बांधायला कुणी मोकळं नसतं, पाणीही वाढतं. अशी वडी मऊ पडते, तिला वास येतो, कधी बुरशीही धरते. आपल्याच शेळीचं दूध वापरायचं तर सोड्याची रीत शिकण्याला पर्याय नाही.

विकायचा म्हटला की साबण कायद्याने सौंदर्यप्रसाधनात मोडतो. सौंदर्यप्रसाधने नियम, 2020 खाली उत्पादनाचा परवाना घ्यावा लागतो, महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाकडून. ‘मुरुम बरे करतो’, ‘इसब घालवतो’ असं छापलं की माल औषधाच्या दाव्यात जातो, आणि ते प्रकरण महागात पडतं.

केसांचा प्रश्न वेगळाच

ही वडी केसांना चालेल का, असं जवळजवळ प्रत्येक गिऱ्हाईक विचारतं. याचं उत्तर वडीत नसून गावच्या पाण्यात आहे.

मराठवाड्याच्या मोठ्या भागाखाली काळा बेसाल्ट खडक आहे. त्यातून झिरपत आलेल्या विहिरी-बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार उतरतात. डाळ लवकर शिजत नाही, गिझरला, बादलीला पांढरा थर धरतो, साबणाला फेस येत नाही, म्हणजे पाणी जड. सोडियम एका वेळी एकच शेळी धरतो आणि पाण्यात विरघळतो. कॅल्शियम दोन शेळ्या आवळून धरतो आणि विरघळत नाही. साबण जड पाण्यात पडला की कॅल्शियम त्याच्या शेळ्या हिसकावतो आणि त्याची चिकट राखी साय होते. अंगावरून ती बरीचशी निघून जाते. केसांचं तसं नाही. लाखभर केसांवर तिचा लेप बसतो आणि केस निस्तेज, चिकट, फणीला न जुमानणारे होतात. ‘शेळीच्या दुधाच्या साबणाने केस राठ झाले’ ही तक्रार येते ती इथून. दुधाचा त्यात दोष नाही.

त्यात अल्कलीची भर पडते. केसाचं बाहेरचं आवरण एकावर एक बसलेल्या बारीक खवल्यांचं असतं. किंचित आम्ल पाण्यात हे खवले मिटून बसतात, अल्कलीत केस फुगतो आणि खवले उचलले जातात. मग केसात केस अडकतो, गुंता होतो, ओढलं की तुटतो. मुळाबाहेर आलेला केस सजीव नसतो, त्यामुळे त्याला कुठलंही दूध ‘पोसू’ शकत नाही. त्याची झीज कमी करणं एवढंच आपल्या हातात असतं.

आपल्या आज्या केसांना साबण का लावत नसत, याचं उत्तर इथे सापडतं. शिकेकाई आणि रिठ्यात सॅपोनिन नावाची फेसाळ द्रव्यं असतात. ती मेदाम्लांची बनलेली नसल्यामुळे जड पाण्यात त्यांची साय होत नाही. शिकेकाईचं पाणी शिवाय आंबटसर असतं, खवले मिटवणारं. डोळ्यांत गेलं की डोळे झोंबतात, एवढाच तिचा तोटा.

शेळीचं दूध केसांना लावायचंच असेल तर विरजण लावून, दही करून लावावं. दह्यात लॅक्टिक आम्ल खरोखर असतं आणि ते बांधायला तिथे सोडा नसतो. दुधातल्या केसिनसारखी मोठी प्रथिनं केसात शिरत नाहीत, पण स्निग्धांशाचा हलका लेप बसतो आणि केस सुटसुटीत राहतात. केसात खरोखर शिरतं ते खोबरेल. मुंबईत मॅरिकोच्या प्रयोगशाळेत आरती रेले आणि आर. बी. मोहिले यांनी खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल यांची तुलना केली आणि 2003 मध्ये निष्कर्ष छापले: धुण्याआधी किंवा धुतल्यावर लावलं तर केसातलं प्रथिन वाहून जाण्याचं प्रमाण फक्त खोबरेलाने कमी झालं. खोबरेल विकणाऱ्या कंपनीचा अभ्यास आहे हे ध्यानात ठेवून वाचावा, पण कारण पटण्याजोगं आहे. खोबरेलातलं मुख्य मेदाम्ल लहान आणि सरळ साखळीचं, म्हणून ते आत सरकतं.

‘गोट मिल्क शाम्पू’ घरी करून बाटलीत भरण्याच्या फंदात मात्र पडू नये. शाम्पूत पाणी भरपूर, पीएच जिवाणूंना चालणारा, आणि वर दूध. परिरक्षक नसेल तर काही दिवसांतच बाटली आंबते. बाजारातल्या शाम्पूंत दुधाची भुकटी नावापुरती आणि परिरक्षक पुरेसं असतं. तिथे तेच बरोबर आहे.

तरीही ज्यांना केस साबणानेच धुवायचे आहेत त्यांच्यासाठी साबण करणाऱ्यांकडे एक उपाय आहे. किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक आम्ल, किलोभर तेलाच्या घाण्याला 20 ग्रॅम घ्यायचं. तेवढं आम्ल साबण मोडेल, म्हणून त्याच्या वाट्याचा सोडा वेगळा वाढवायचा: कोरड्या लिंबूसत्त्वाच्या दर 10 ग्रॅमला सव्वासहा ग्रॅम, म्हणजे 20 ग्रॅमला साडेबारा. वरच्या हिशेबात सोडा 142 ऐवजी 154.5 ग्रॅम होईल. आम्ल आणि हा जादा सोडा मिळून सोडियम सायट्रेट तयार होतं. ते पाण्यातल्या कॅल्शियमला साबणाआधी गाठतं आणि धरून ठेवतं. साय कमी धरते, फेस वाढतो. पाणी फारच जड असेल तर एवढ्याने भागत नाही. मग शेवटच्या तांब्यात अर्धं लिंबू पिळून त्याने केस खळखळून घ्यायचे, आणि लगेच साध्या पाण्याने धुवायचे. केस धुण्याचं पाणीच बोअरचं नसून पावसाळ्यात पत्र्यावरून धरलेलं असेल, तर लिंबाचीही गरज लागत नाही.